डिजिटलवरची जन्मतारीख

आमच्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्याची स्मरणिका यंदा छापायची नाही, पीडीएफ करून सगळ्यांना पाठवायची आणि तिच्यात प्रत्येकाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, आईचे नाव, आजोळ, पत्ता, मोबाईल क्रमांक आणि रक्तगट द्यायचा, असे जानेवारीत आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरले. मी न्यू जर्सीतून विरोध केला. इतका तपशील एका जागी गोळा करून मोकळा सोडू नये, तो ज्याच्या हाती लागेल त्याला आपल्या नावाने सिमकार्ड घेण्याचा किंवा कर्ज काढण्याचा निम्मा रस्ता सोपा होतो, असे मी बरेच सविस्तर लिहिले. उत्तर एका ओळीचे आले : "मर्दा, आमच्याकडं लपवण्यासारखं हाय काय?" त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ते चेहरे मोजावेत इतका मी चिडलो होतो. एकतीस भरले.

चिडण्याचे कारण असे की हा प्रश्न लपवण्याचा नाहीच. मी कोल्हापूरच्या ज्या मंगळवार पेठेत वाढलो तिथे जन्मतारीख ही गुप्त ठेवायची गोष्ट कधीच नव्हती. तालमीशी थोडाफार संबंध असलेल्या कोणाचाही वाढदिवस चौकातल्या डिजिटलवरून, म्हणजे फ्लेक्सच्या फलकावरून, अख्ख्या पेठेला कळतो, खाली शुभेच्छुकांचे वीस चेहरे असतात आणि बोर्ड पुढच्याचा वाढदिवस येईपर्यंत उतरत नाही. आजोळ तर लग्नपत्रिकेतच छापलेले असते. एवढे सगळे उघड असूनही कोणाची ओळख चोरीला जात नसे, कारण ओळख पटवण्याचे काम माणसे करत. पतसंस्थेच्या काउंटरवर भलत्याने माझे नाव सांगितले असते तर आतल्या कारकुनाने मान वर करून "तू कुणाचा रं?" एवढेच विचारले असते आणि प्रकरण तिथेच मिटले असते. आज कर्ज देणारे अ‍ॅप कोणाचा कोण हे विचारत नाही. त्याला जन्मतारीख, पॅन आणि ओटीपी हवा असतो. ते जुळले की समोरचा तोच. आपण मात्र त्या कारकुनाच्या भरवशावर अजूनही सगळे सांगत सुटलो आहोत.

गेल्या दिवाळीत वडिलांच्या कामासाठी मिरजकर तिकटीजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेला क्रमांक दाखवून मुलगा म्हणाला, "पाठवा सर, प्रिंट काढतो." त्याच्या स्क्रीनवर डाउनलोड्सचा फोल्डर उघडा होता : आधार, पॅन, पासबुकाचे पहिले पान, पुन्हा आधार, कोणाचा तरी जातीचा दाखला. खाली सरकवत गेला तरी यादी संपेना. ई-आधारच्या फाईलला पासवर्ड असतो हे खरे, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे साल. आमच्या स्मरणिकेत नेमके हेच दोन रकाने शेजारीशेजारी होते. मी हे ग्रुपवर लिहिले. त्यावर एकाने स्नेहमेळाव्याच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे दर टाकले.

जुलै २०१८ मध्ये ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, तत्कालीन अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनीही असेच आव्हान दिले होते. त्यांनी स्वतःचा आधार क्रमांक ट्विटरवर जाहीर केला आणि माझे काय बिघडवता ते दाखवा, असे विचारले. थोड्याच वेळात लोकांनी त्यांचा मोबाईल क्रमांक, पत्ता आणि जन्मतारीख मांडून ठेवली. ही माहिती आधारच्या साठ्यातून आलेली नाही, ती इंटरनेटवर आधीच होती, असा खुलासा आधार प्राधिकरणाने केला. माझ्या मते त्या खुलाशातच सगळे आले. कुलूप फोडावेच लागले नाही, कारण सामान अंगणातच पसरलेले होते. आपला क्रमांक असा जाहीर करू नका, असे प्राधिकरणाला लोकांना सांगावे लागले ते वेगळेच.

इकडे आम्ही असे वागत नाही, हे माझे पुढचे वाक्य होते. माझे क्रेडिट कर्जदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या तीनही कंपन्यांकडे गोठवलेले आहे, म्हणजे माझ्या नावावर परस्पर कोणाला कर्ज काढता येऊ नये, पत्रांची पाकिटे श्रेडरमधून काढल्याशिवाय कचऱ्यात जात नाहीत, आणि शेजाऱ्याची जन्मतारीख मला अकरा वर्षांत कळलेली नाही. यावर आमच्या वर्गाचा जुना मॉनिटर, जो हल्ली उद्यमनगरात फाउंड्री चालवतो, त्याने शांतपणे विचारले, "२०१७ साली तुमच्या त्या तिघींतल्या इक्विफॅक्समधनं चौदा कोटींच्या वर लोकांची माहिती फुटली, ती काय आम्ही फोडली?" त्यानंतर वर्षभराने क्रेडिट गोठवणे इथे सर्वत्र फुकट झाले, असे मी उत्तर टाइप केले, आणि बैल गेला नि झोपा केला हे त्याच्या आधी मलाच सुचल्याने ते पाठवले नाही.

आणखी एक गोष्ट मी ग्रुपवर लिहिली नाही. एप्रिल २०१५ मध्ये माझे करविवरणपत्र नाकारले गेले, कारण माझ्या सोशलवर, म्हणजे इथल्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर, त्या वर्षाचे विवरणपत्र आधीच दाखल झाले होते आणि परतावा मागणारा तो 'मी' भलताच कोणीतरी होता. मी ओळख चोरीला गेल्याचा फॉर्म १४०३९ भरला, पासपोर्टची प्रत जोडली, मी मीच आहे असे सहीनिशी कळवले आणि आठ महिने वाट पाहिली. क्रमांक कुठून गेला हे कधीच कळले नाही. जन्मतारीख आणि पत्ता कुठून मिळाला असेल याचा मात्र मला दाट संशय आहे. लायसन्स हातात पडले त्या संध्याकाळी त्याचा फोटो मी फेसबुकवर, सर्वांना दिसेल असा, टाकला होता. अमेरिकेतल्या कोणासाठी तो नव्हता. तो पेठेतल्या लोकांनी पाहावा म्हणून होता. चौकात माझा डिजिटल कोणी लावणार नव्हते, म्हणून मीच लावला.

मार्चमध्ये स्मरणिका आली. माझ्या विनंतीला मान देऊन माझ्या ओळीत फक्त नाव आणि पुढे 'अमेरिका' एवढेच ठेवले आहे. वाढदिवसाचे संदेश आता मॉनिटर त्या यादीवरून पाठवतो, त्यामुळे जूनमध्ये माझ्या वाढदिवसाला ग्रुपवर शांतता होती. दाताच्या दवाखान्यातून आपोआप येणारा शुभेच्छांचा संदेश तेवढा सकाळी नऊला आला. त्या रात्री मी ती पीडीएफ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. बाकावर सहा वर्षे शेजारी बसलेल्या मित्राचे आजोळ कागलचे, म्हणजे माझ्याच आजोळच्या गावचे, हे मला तेव्हा कळले. नियमाप्रमाणे ती फाईल मी त्याच रात्री पुसायला हवी होती. ती अजून माझ्या फोनमध्ये आहे, आणि तिला पासवर्डही नाही.