‘पहिल्या मॉकचा स्कोअर हाच तुमचा स्कोअर’: जीआरईबद्दलचा हा मेसेज पुढे पाठवू नका

गेले काही दिवस परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी दिल्या जाणाऱ्या जीआरई परीक्षेच्या तयारीबद्दलचा एक मेसेज या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतो आहे. परवा तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. नेटाने अभ्यासाला बसलेली मुलगी, आणि तो वाचून तिचा पहिला प्रश्न होता, “मग तारीख घेऊच नको का?” म्हणून हे उत्तर.

मेसेजमध्ये म्हटलं आहे ते थोडक्यात असं: जीआरई जन्मजात बुद्धी मोजते, त्यामुळे पहिल्या मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, आलेला स्कोअर अभ्यासाने फार तर दोन-तीन गुणांनी हलतो. तरी वाढवायचाच असेल तर पहिल्या सेक्शनमध्ये मुद्दाम काही उत्तरं चुकवा, म्हणजे दुसरा सोपा येतो. शेवटचे ३० दिवस रोज एक मॉक द्या. ३,५०० शब्द पाठ करा, व्हर्बल (इंग्रजी भाषेचा विभाग) झालं. येत नसलेला प्रश्न कोरा सोडा, निगेटिव्ह मार्किंग आहे. आणि पुन्हा परीक्षा देऊ नका, कारण विद्यापीठं सगळ्या प्रयत्नांची सरासरी काढतात.

आधी ‘जन्मजात बुद्धी’चं पाहू. १९७७ मध्ये ईटीएसने, म्हणजे जीआरई घेणाऱ्या संस्थेने, या परीक्षेत विश्लेषणक्षमतेचा एक नवा विभाग आणला. त्यात दोन प्रश्नप्रकार असे होते की थोडक्या सरावानेही त्यांतले गुण चांगलेच वाढत. एकात तर्काच्या आकृत्या होत्या, दुसऱ्यात दिलेल्या स्पष्टीकरणांचं विश्लेषण करायचं असे. ही वाढ स्पेन्सर स्विंटन आणि डोनाल्ड पॉवर्स या ईटीएसच्याच संशोधकांच्या अभ्यासात दिसली. १९८१ मध्ये संस्थेने ते दोन्ही प्रकार परीक्षेतून काढून टाकले. स्कोअर जन्माबरोबर ठरून येत असता, तर परीक्षा घेणाऱ्यांना स्वतःच तयार केलेले प्रश्न सरावाने गुण वाढतात म्हणून मागे घ्यावे लागले नसते.

आता मेसेजमधलं अर्धं सत्य, नाइलाजाने का होईना, मान्य करायला हवं. चार दिवसांच्या युक्तीला बळी पडणारे प्रकार काढले गेले, म्हणजे आज परीक्षेत जे उरलं आहे ते सावकाश हलणारं आहे. तीन आठवडे अभ्यास करून व्हर्बलचा आकडा जागचा हलला नाही, तर त्यात नवल काही नाही. शिवाय मोजमापातच दोनेक गुणांचा डळमळीतपणा असतो. १३० ते १७० च्या या मापात आज १५४ आणि पुढच्या रविवारी १५२ आले म्हणजे अभ्यास वाया गेला असं होत नाही, आणि १५६ आले म्हणून उडी मारण्याचंही कारण नाही.

पण पहिला मॉक म्हणजे तरी काय? बहुतेक जण तो प्रश्नप्रकारांची ओळख नसताना देतात. क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या विभागात, २७ पैकी १० प्रश्न चुकलेली दोन मुलं घ्या. एकाला गुणोत्तर, संभाव्यता आणि घातांकाचे नियमच आठवत नव्हते. दुसऱ्याला सगळं येत होतं, पण त्याने ‘पूर्णांक’ हा शब्द वाचला नाही, ‘असू शकतं’ आणि ‘असलंच पाहिजे’ यांत गल्लत केली आणि शेवटच्या चार प्रश्नांपर्यंत तो पोचलाच नाही. दोघांच्या कागदावर जवळपास तोच आकडा येतो, पण पुढच्या तीन महिन्यांचा अभ्यास पूर्ण वेगळा असतो. क्वांटमध्ये अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि माहितीचं विश्लेषण एवढंच आहे. त्रिकोणमिती नाही, कॅल्क्युलस नाही. शाळेतलं गणित विसरलेल्याचा स्कोअर ते पुन्हा पक्कं केल्यावर वाढतोच. १६७ वरून १७० ला जाणं मात्र चिवट काम आहे.

मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला मुद्दाम चुका करण्याचा आहे. तो हुशारीचा वाटतो, म्हणूनच मुलं त्याला फसतात. परीक्षेची रचना अशी आहे: क्वांटचा पहिला सेक्शन १२ प्रश्नांचा, २१ मिनिटांचा. दुसरा १५ प्रश्नांचा, २६ मिनिटांचा. व्हर्बलमध्ये तसेच १२ प्रश्न १८ मिनिटांत आणि १५ प्रश्न २३ मिनिटांत. पहिल्या सेक्शनमध्ये तुम्ही कसं केलं त्यावरून दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पुढचं त्याने सांगितलेलं नाही. १३० ते १७० मधला स्कोअर काढताना दोन्ही सेक्शनमधली बरोबर उत्तरं मोजतात आणि सेक्शन किती कठीण होता हेही हिशेबात धरतात. सोप्या सेक्शनमधली १३ बरोबर उत्तरं आणि कठीण सेक्शनमधली १३ बरोबर उत्तरं यांची किंमत सारखी नसते.

आता साधी वजाबाकी करा. पहिल्या १२ पैकी ५ मुद्दाम चुकवली, तर उरली ७. दुसऱ्या सेक्शनमध्ये १५ पैकी १५ आणले, तरी बेरीज २२. म्हणजे ५ उत्तरं स्वतःच्या हाताने फेकली, आणि उरलेली मोजली जाणार सोप्या सेक्शनच्या भावाने. तोटा दोन्हीकडून. उलट पहिल्या सेक्शनमध्ये जीव ओतला आणि कठीण सेक्शन आला, तर त्यातले तीन-चार चुकले तरी चांगला स्कोअर हातात राहतो. दुसरा सेक्शन अवघड वाटला की मुलं घाबरतात. खरं तर ती पहिला चांगला गेल्याची खूण असू शकते.

पहिल्या सेक्शनला खरंच न्याय द्यायचा असेल तर घड्याळाचा हिशेब आधी पाठ करा. क्वांटमध्ये एका प्रश्नाला सरासरी १०५ सेकंद मिळतात. सहा प्रश्न झाले की साडेदहा मिनिटांच्या आसपास असायला हवं. एखाद्या प्रश्नात दोन मिनिटं गेली आणि वाट दिसत नसेल, तर अंदाजाने उत्तर भरा, खूण करा आणि पुढे चला. त्याच सेक्शनमध्ये मागे येऊन उत्तर बदलता येतं. वेळ बहुधा एकाच प्रश्नावर हट्टाने घालवलेल्या पाच मिनिटांत संपतो, आणि मग शेवटचे तीन सोपे प्रश्न न वाचताच जातात.

रोज एक मॉक देण्याचा सल्ला ऐकायला मेहनतीचा वाटतो, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. निबंधलेखनासकट पूर्ण मॉक १ तास ५८ मिनिटांचा. त्याची तपासणी नीट केली तर तीन ते चार तास लागतात. रोज मॉक देणारा ती तपासणी करत नाही, तेवढा वेळच नसतो. मग कालची चूक आज पुन्हा होते, उद्या पुन्हा होते आणि तीच हाताला वळण लावते. शिवाय चांगले मॉक मोजके असतात. ईटीएसचे पॉवरप्रेप मॉक मोफत मिळतात ते दोनच. बाकी कंपन्यांच्या मॉकमध्ये क्वांट उगाच किचकट आणि व्हर्बलचे पर्याय संदिग्ध असण्याची शक्यता बरीच असते. ईटीएसचे दोन मॉक पहिल्याच आठवड्यात उडवले, तर परीक्षेच्या तोंडावर खरी पातळी मोजायला काही उरत नाही. तोच मॉक पुन्हा दिला तर आठवणारे प्रश्न स्कोअर फुगवतात. एक सुरुवातीला आणि एक परीक्षेच्या साधारण दहा दिवस आधी असे वापरा. मधल्या काळात दोन-तीन आठवड्यांतून एखादा इतर मॉक पुरे.

गुण वाढतात ते मॉकच्या नंतरच्या कामात. ते काम असं: मॉक संपल्यावर उत्तरसूची उघडायची नाही. जिथे शंका होती ते सगळे प्रश्न आधी घड्याळाशिवाय पुन्हा सोडवायचे आणि मग सूची बघायची. वेळ लावून चुकलं, पण निवांत बसल्यावर बरोबर आलं, तर घोळ वाचनात किंवा पद्धतीत आहे. दोन्ही वेळा चुकलं तर विषयच कच्चा आहे. तिथे आणखी मॉक कामाचे नाहीत, त्या धड्याचे २०-३० प्रश्न सुटे सोडवावे लागतात. आणि अंदाजाने बरोबर आलेला प्रश्न चुकलेल्यांत धरायचा. हे बहुतेक जण करत नाहीत.

हे सगळं चुकांच्या वहीत उतरवायचं. प्रत्येक प्रश्नासमोर चार गोष्टी: प्रश्न कुठला, मी कोणतं उत्तर का निवडलं, पहिलं चुकीचं पाऊल कोणतं, आणि पुढच्या वेळी कशाने सावध व्हायचं. ‘सिली मिस्टेक’ असं लिहायला बंदी ठेवा, कारण त्यातून काही कळत नाही. ‘टक्केवारीत मूळ रक्कम बदलली हे लक्षात घेतलं नाही’ असं लिहा. २० टक्के वाढ आणि मग २० टक्के घट झाली की १०० चे ९६ होतात, १०० नाही. तो प्रश्न तीन दिवसांनी, मग दहा दिवसांनी, मग महिन्याने कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायचा. तीनदा विनामदत सुटला की काट मारायची.

महिनाभर वही ठेवली की चुकांचे मोजके साचे दिसू लागतात. दोन राशींपैकी मोठी कोणती हे ठरवायच्या क्वांटिटेटिव्ह कंपॅरिझन प्रश्नांमधला नेहमीचा साचा बघा. क्ष शून्याहून मोठा आहे. एका बाजूला क्षचा वर्ग, दुसऱ्या बाजूला क्ष. क्षच्या जागी २ घालून ‘वर्ग मोठा’ म्हणून मुलं मोकळी होतात. १/२ घातला की वर्ग लहान होतो, १ घातला की दोन्ही सारखे. उत्तर ‘ठरवता येत नाही’. म्हणून दरवेळी २ आणि ३ वर थांबायचं नाही; अट चालू देत असेल तर ०, १, −१, १/२, −१/२ आणि एक मोठा आकडा घालून बघायचाच. उलट दोन्ही बाजूंना नुसत्या संख्या असतील, अक्षर नसेल, तर ‘ठरवता येत नाही’ हा पर्याय तिथेच बाद. भूमितीच्या आकृत्या प्रमाणात असतीलच असं नाही, तेव्हा डोळ्यांना काटकोन दिसतो म्हणून तो ९० अंश धरू नका. आलेख मात्र प्रमाणात असतात, तिथे डोळ्यांनी अंदाज घेतला तर चालतो.

३,५०० शब्दांचं आता. ३० दिवसांत म्हणजे रोज ११७ नवे शब्द. प्रत्येकाच्या चार उजळण्या धरल्या तर काही दिवसांतच रोजचे ५८५ शब्द होतात. यात शब्द वाक्यात कसा वागतो हे बघायला जागाच नाही. आणि व्हर्बलचे जवळपास निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे असतात, त्यांचं उत्तर कुठल्याही यादीत नाही. शब्द लागतात, पण रोज १०-१२, वाक्यासकट, आणि दुय्यम अर्थासकट. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणं हे सगळ्यांना माहीत असतं. परीक्षेत तो ‘विधानाला मर्यादा घालणं’ या अर्थाने येतो. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. नुसतं पाठांतर करणारा सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्येही, म्हणजे एकाच रिकाम्या जागेसाठी वाक्याला सारखा अर्थ देणारे दोन शब्द निवडायच्या प्रश्नांतही, अडकतो. सहा पर्यायांत समानार्थी जोडी दिसली की तो ती उचलतो, आणि नेमकी ती जोडी वाक्याला लागू नसते. आधी पर्याय झाकून रिकाम्या जागी स्वतःचा साधा शब्द घालायचा, ‘ऑलदो’ किंवा ‘डिस्पाइट’सारखे वाक्याची दिशा फिरवणारे शब्द हेरायचे, मग पर्याय उघडायचे. तीन रिकाम्या जागांच्या प्रश्नात तिन्ही बरोबर आल्या तरच गुण, अर्धे गुण नाहीत. तिथे पहिल्याच जागेपासून सुरुवात करायचा हट्ट नको. जिथे पुरावा सगळ्यात ठोस, ती जागा आधी भरा.

निगेटिव्ह मार्किंगचा दावा साफ खोटा. जीआरईत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटचा अर्धा मिनिट त्यासाठीच राखून ठेवा.

पुन्हा परीक्षा देण्याबद्दलही मेसेज भीतीच घालतो. नियम असा आहे की दोन प्रयत्नांत किमान २१ दिवसांचं अंतर हवं आणि कुठल्याही सलग १२ महिन्यांत जास्तीत जास्त ५ प्रयत्न. कोणत्या तारखेचा स्कोअर पाठवायचा हे तुम्ही निवडता. बाकीचे प्रयत्न विद्यापीठाला दिसतच नाहीत, मग सरासरी कशाची काढणार? स्कोअर पाच वर्षं चालतो. मात्र २१ दिवस ही फक्त नियमाची किमान मर्यादा आहे. तेवढ्यात उतारे वाचायची ताकद वाढत नाही.

परीक्षा हॉलमधले प्रश्न नंतर बघायला मिळत नाहीत. त्यामुळे दुसरा प्रयत्न करायचा असेल तर घरी आल्याबरोबर आठवतंय तोवर लिहून काढा: कुठल्या प्रकारात वेळ गेला, कितव्या प्रश्नापासून घाई सुरू झाली, कुठे नुसता अंदाज केला. मग ती टिपणं जुन्या चुकांच्या वहीशेजारी ठेवून बघा. वहीत काट मारलेला साचा टिपणांत पुन्हा आला असेल, तर ती काट खोडा आणि नवी तारीख त्या साच्याचे प्रश्न पुन्हा तीनदा सुटल्यावरच घ्या.