तूप-खोबरेल खाऊन फिटच्या गोळ्या सुटत नाहीत

फिट्स येणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत फिरत असतो. म्हणणं थोडक्यात असं: फिट हा साखरेने मेंदूच्या पेशी जळून होणारा आजार आहे. साखर, भात, पोळी बंद करून रोज तूप आणि खोबरेल तेल घेतलं की मेंदूला संरक्षण मिळतं आणि गोळ्यांची गरज उरत नाही. हा इलाज शंभर वर्षांपूर्वीच सापडला होता, औषध कंपन्यांनी तो दाबून ठेवला. यातला एक धागा खरा आहे, आणि म्हणूनच मला या मजकुराची जास्त भीती वाटते.

आधी साखरेचं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो आणि ती मुख्यतः ग्लुकोजमधून घेतो. रक्तातली साखर फार खाली गेली तर त्यानेच फिट येते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला फिट आली की आधी साखर तपासतात ती याचसाठी. मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये फिट सुरू होण्याची जागा अनेकदा एरवी आजूबाजूपेक्षा कमी ग्लुकोज वापरताना दिसते. ऊर्जेच्या यंत्रणेत बिघाड असतो हे खरं, पण साखर पेशी जाळते हे खोटं. शिवाय आपल्याकडे फिट्समागे अनेकदा मेंदूतल्या फीतकृमीच्या गाठी असतात, जन्मताना कमी पडलेला ऑक्सिजन असतो, डोक्याला लागलेला मार असतो. भात सोडल्याने यातलं काहीही जात नाही.

आता दाबलेल्या इलाजाचं. उपाशी ठेवलं की फिट्स कमी होतात, हे आधीच लक्षात आलं होतं. 1921 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी उपासासारखाच परिणाम देणारा, भरपूर चरबीचा कीटोजेनिक आहार सुचवला. 1938 मध्ये फेनिटॉइन हे फिट्सवरचं औषध आलं. गोळी देणं सोपं होतं, म्हणून आहार मागे पडला. त्यानंतर तो पुन्हा तपासला गेला, तोही उघडपणे. लंडनमधल्या 2008 च्या चाचणीत 145 मुलं होती. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या गटातल्या 38 टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या, आहार न घेणाऱ्या गटात 6 टक्के मुलांच्या. दिल्लीच्या एम्सनेही यातल्या सौम्य आहाराची चाचणी घेऊन 2013 मध्ये निष्कर्ष छापले. पण फॉरवर्डमध्ये एक गोष्ट कधीच नसते: ही सगळी औषधांना दाद न देणारी मुलं होती, आणि आहार सुरू असताना त्यांच्या गोळ्याही सुरू होत्या.

दोन चमचे खोबरेल म्हणजे तो आहार नव्हे. मूळ पद्धतीत प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून दर 1 ग्रॅममागे चरबी 4 ग्रॅम. सौम्य पद्धतीतसुद्धा दिवसाला 10 ते 20 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे साधारण एका पोळीत दिवसाचा कोटा संपला. हा आहार चालतो त्या घरातल्या ओट्यावर ग्रॅमचा काटा असतो. भाजी कच्ची असतानाच तोलायची, वाटीला लागलेलं तूपसुद्धा निपटून मुलाच्या पोटात जायला हवं, आणि खोकल्याचं गोड सिरप नकळत दिलं गेलं तरी सगळं गणित विस्कटू शकतं. मूतखडा, बद्धकोष्ठता, वाढलेलं कोलेस्टेरॉल, खुंटलेली वाढ यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते. जी आई हे रोज निभावते, तिच्या कष्टांची किंमत "दोन चमचे घ्या" म्हणणाऱ्याला कळत नाही.

काही मुलांसाठी मात्र हाच पहिला इलाज आहे. ग्लूट-1 नावाच्या वाहकाच्या जन्मजात कमतरतेत रक्तात साखर असूनही ती मेंदूत पुरेशी शिरत नाही. तिथे चरबीपासून बनणारे कीटोन मेंदूचं इंधन होतात. उलट चरबीचं विघटनच करू न शकणाऱ्या मुलाला हाच आहार जिवावर बेतू शकतो. वरून ही दोन्ही मुलं सारखीच दिसू शकतात. म्हणून आहाराआधी रक्त-लघवीच्या तपासण्या लागतात.

मेंदूला संरक्षण मिळतं, हा दावा सगळ्यात मोहात पाडणारा. कीटोन शांत करणाऱ्या रसायनांना बळ देतात, चरबीतलं डेकॅनॉइक आम्ल पेशींना उत्तेजित करणारे काही रिसेप्टर (पेशीवरचे संदेश घेणारे भाग) रोखतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे आणि ते आशादायक आहे. पण प्रयोगशाळेतून माणसापर्यंतची वाट फार लांब असते. डोक्याला मार लागल्यावर दिलेलं फेनिटॉइन पहिल्या आठवड्यातल्या फिट्स कमी करतं, पुढे जडणारा अपस्मार, म्हणजे वारंवार फिट्स येण्याचा आजार, टाळत नाही, हे 1990 मध्येच दिसलं. आज मेंदू वाचवायचा खात्रीचा मार्ग साधा आहे: लांबलेली फिट होऊ न देणं.

गोळ्यांनी मूल सुस्त होतं, ही तक्रार मात्र खरी असू शकते. ती डॉक्टरांना स्पष्ट सांगा; मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं. योग्य औषधांनी सुमारे 70 टक्के रुग्ण फिट्सशिवाय जगू शकतात. पण गोळी एकदम बंद केली तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात. अंग झटकणारी फिट 5 मिनिटांपुढे गेली तर ती आपोआप थांबण्याची शक्यता घटते, आणि 30 मिनिटांपुढे मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नका. फिट थांबवणाऱ्या मिडॅझोलाम या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे घरी ठेवावा का, हे पुढच्या भेटीत विचारा. फिट आली की घड्याळ बघा, मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि 5 मिनिटं होताच 108 ला फोन करा.