शाळा बोर्डाचा मेंबर हटवायचाय? मोहीम हमखास बुडवण्याची रीत

अभिनंदन! कॅलिफोर्नियातल्या आणखी एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे आमच्याच, शाळा बोर्डाच्या मेंबरच्या रिकॉलची, म्हणजे मुदतीआधी मतदान घेऊन त्याला हटवण्याची, पिटिशन सह्यांच्या तपासणीत आपटली. खोकी भरून कागद गेले, कौंटीच्या निवडणूक कार्यालयाने 'सह्या अपुऱ्या' असं दोन ओळींत कळवलं आणि मेंबर खुर्चीत होता तिथेच आहे. असं यश आपोआप मिळत नाही. आपल्या मराठी पालकांचाही त्यात मोलाचा वाटा आहे, तेव्हा इतर डिस्ट्रिक्टांतल्या इच्छुकांनी लाभ घ्यावा.

सर्वप्रथम, मेंबर निवडून आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मोहीम जाहीर करा. चालू मुदतीचे ९० दिवस उलटल्याशिवाय रिकॉल सुरूच करता येत नाही आणि मुदत संपायला सहा महिने उरले की दार बंद, हे कुणालाही सांगू नका.

मेंबरला रिकॉलची नोटीस ईमेलने पाठवा. कायद्याला ती हातात दिलेली किंवा सर्टिफाइड मेलने पाठवलेली लागते, दिल्याचा पुरावा सात दिवसांत दाखल करावा लागतो, आणि नोटीस वर्तमानपत्रातही छापावी लागते. पण आपण आयटीतले. कागदाला हात कोण लावणार?

कारणं लिहायला २०० शब्द मिळतात. ती कारणं पुरेशी आहेत की नाहीत, हे कार्यालय तपासत नाही. ते मतदारांनी ठरवायचं. म्हणून समितीतल्या प्रत्येकाचं एकेक दुखणं त्यात घाला: गणिताचा अभ्यासक्रम, हद्दीची फेररचना, बसचा मार्ग, कॅन्टीनचा पिझ्झा. मेंबरलाही उत्तराला २०० शब्द मिळतात आणि तेही त्याच पिटिशनवर छापले जातात. तो एकच मुद्दा नीट मांडेल आणि सही करायला थांबलेला माणूस दोन्ही वाचून म्हणेल, "बिचारा बराच वाटतोय की!"

तीन मेंबर हटवायचे असतील तर तिघांची नावं एकाच पिटिशनवर घ्या. प्रत्येकाची वेगळी लागते. म्हणूनच वेगळी घेऊ नका.

आता सह्या. इथे खरी कला आहे.

किती लागतात ते आधी बघू नका. मतदार ५०,००० ते १ लाखाच्या आत असतील तर १५ टक्के, मुदत १६० दिवस. १०,००० ते ५०,००० च्या आत असतील तर २० टक्के, मुदत १२० दिवस. म्हणजे ६०,००० मतदारांच्या डिस्ट्रिक्टला ९,००० सह्या पुरतात आणि शेजारच्या ४८,००० वाल्याला ९,६०० लागतात, त्याही चाळीस दिवस कमी घेऊन. तुम्ही मात्र अंदाजाने हजार धरा. ऑनलाइन पिटिशनवर हजारो लोकांनी क्लिक केलंच आहे. निवडणूक कार्यालयाच्या लेखी त्याची किंमत शून्य. तिथे फक्त शाईची सही चालते, तीही ठरलेल्या नमुन्याच्या कागदावर.

मग शनिवारी इंडियन ग्रोसरीच्या दारात टेबल मांडा आणि येईल त्याच्यापुढे पेन धरा. एच-वनवाला येतो, करतो सही. ग्रीनकार्डवाला येतो, करतो सही. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा येतात, "लोकशाहीचं काम आहे ना?" म्हणत झोकात सही करतात. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१६ साली नागरिक नसलेल्या पालकांना शाळा बोर्डापुरतं मत दिलं, हे सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. पण आपण त्या शहरात राहत नाही, आणि नागरिक नसताना मतदार म्हणून सही करणं पुढे व्हिसाच्या कामात अंगाशी येऊ शकतं, हे टेबलावर कोण सांगणार?

नागरिक सापडला, तर त्याचाही पत्ता जुना असतो. घर बदलून दोन वर्षं झाली तरी मतदार यादीत तो अजून जुन्या अपार्टमेंटमध्येच. कुणी पीओ बॉक्स लिहितो. कुणी बायकोची सही परस्पर ठोकतो, कारण "ती गाडीत बसलीय हो!" अहो, हा लग्नातल्या आहेराचा कागद आहे का, एकाने सगळ्या घराच्या वतीने नाव घालायला? प्रत्येकाने आपलं नाव, आपला पत्ता स्वतःच्या हाताने लिहायचा असतो. आणि स्वयंसेवक तरी काय? लोकांचा वेळ वाचावा म्हणून नाव-पत्ते स्वतः भरून ठेवतात आणि कागदाच्या तळाशी आपण सह्या कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत घेतल्या, ते जाहीर करून सही करायची जागा कोरी सोडतात. तेवढ्यापायी अख्खा कागद बाद होऊ शकतो.

दोनदा सही करणारे तर देवमाणसं. "मागच्या आठवड्यात केली होती बहुतेक, पण असू दे अजून एक." असू दे? कार्यालय सरसकट सगळ्या सह्या तपासत नाही. ५०० किंवा ५ टक्के, यातला मोठा आकडा नमुना म्हणून काढतं. १०,००० सह्यांतून ५०० काढल्या, म्हणजे विसातली एक. त्या नमुन्यात एक डबल सही सापडली की हिशेबाच्या सूत्राने २० गुणिले १९, म्हणजे ३८० सह्या वजा. एका माणसाच्या उत्साहापायी एवढ्या! चार जण असे सापडले की दीड हजार गेल्या. म्हणून रोज संध्याकाळी कागद मतदार यादीशी ताडून बघायचे असतात आणि गरजेपेक्षा निदान २०-२५ टक्के जास्त सह्या द्यायच्या असतात. हे कंटाळवाणं काम. त्यापेक्षा ग्रुपवर मुठीची इमोजी टाकणं सोपं.

सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण देत राहा, तपशील वगळून. शाळा बंद असताना बोर्ड जानेवारी २०२१ मध्ये ४४ शाळांची नावं बदलायला बसलं होतं, एवढं सगळ्यांना पाठ. पण सात जणांपैकी तिघांवरच रिकॉल लागू शकला, कारण बाकीच्यांची मुदत नुकती सुरू झाली होती. प्रत्येकासाठी ५१,३२५ सह्या हव्या होत्या आणि दिल्या सुमारे ८०,०००. हे कुणाला आठवत नाही. १५ फेब्रुवारी २०२२ च्या मतदानात तिघेही गेले, पण मोहीम तिथवर पोहोचली ती त्या जादा कागदांच्या जोरावर. त्याआधीच्या एका वर्षात देशभर अशा नव्वदच्या आसपास मोहिमा निघाल्या होत्या, बहुतेक मतपत्रिकेपर्यंतही पोहोचल्या नाहीत.

आणि समजा चुकून जिंकलात. २०२३ पासून स्थानिक रिकॉलच्या मतपत्रिकेवर फक्त 'हटवायचा की नाही' एवढाच प्रश्न असतो. रिकाम्या जागेवर बहुधा उरलेले मेंबरच कुणाला तरी नेमतात. म्हणजे ज्याच्याशी तुमचं भांडण, त्याचे चार सोबती मिळून पाचवा निवडणार. निवडणुकीचा खर्चही डिस्ट्रिक्टच्याच तिजोरीतून. गावाकडे सरपंचावर अविश्वास आणताना सदस्यांना सहलीला नेतात. तिथे निदान खर्च पुढाऱ्याच्या खिशातून होतो.

आता जरा स्पष्ट बोलू. हा मेंबर आला कुठून? एका जागेसाठी एकच अर्ज आला, म्हणून निवडणूक झालीच नाही आणि त्याला बिनविरोध बसवलं. अर्ज भरायची मुदत जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत होती. तुम्ही तेव्हा भारतात सुट्टीवर होतात, किंवा गणपतीच्या नाटकाच्या तालमीत. आधीच्या खेपेला निवडणूक झाली, तर राष्ट्राध्यक्षापर्यंत शिक्के मारून मतपत्रिकेची मागची बाजू कोरी ठेवलीत. बोर्डाची विषयपत्रिका सभेच्या ७२ तास आधी लावावी लागते, उघडून बघितलीत? सभेत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात; गेलात कधी? ज्या निर्णयावर आज चिडलाय, तो त्या पत्रिकेत छापलेला होता आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

उरलेल्या चारांपैकी दोघांच्या जागांची निवडणूक येत्या नोव्हेंबरात आहे. आधी मतदार यादीतला पत्ता बदला, पाच मिनिटांचं काम आहे. आणि ग्रुपवर "कोणीतरी उभं राहायला हवं" असं लिहिणाऱ्यांनी कौंटीत जाऊन अर्जाचे कागद आणा. नसेल जमत, तर पुढच्या पिटिशनच्या टेबलाजवळ फिरकू नका.