ती लढत परत ठेवा

रेसलमेनिया म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीचा सर्वात मोठा कार्यक्रम; ही कुस्ती नाटकासारखी, निकाल आधीच ठरलेला. त्यातल्या सहाव्या रेसलमेनियाची व्हीएचएस कॅसेट नाशिकला आमच्या गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीत मिळायची. संध्याकाळी परत करायची असायची, म्हणून मी आणि माझा मावसभाऊ दुपारभर व्हीसीआरसमोर ठाण मांडून बसायचो. ओढ होती शेवटच्या लढतीची, हल्क होगन विरुद्ध अल्टिमेट वॉरियर. १ एप्रिल १९९०, टोरांटोचं स्कायडोम, ६७ हजारांवर प्रेक्षक.

पण त्याच्या आधी एक लढत होती. रॉडी पायपर विरुद्ध बॅड न्यूज ब्राऊन. पायपर गोरा, ब्राऊन कृष्णवर्णीय. आणि पायपर त्या दिवशी अर्धं अंग काळं रंगवून आला होता. नाकावरून उभी रेघ मारल्यासारखा अर्धा चेहरा काळा, अर्धी छाती काळी. आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. कॅसेट मागे फिरवून पुन्हा बघितलं होतं, हेही मला आठवतं.

तोंडाला काळं फासणं म्हणजे बेअब्रू, एवढाच अर्थ मराठीत वाढलेल्या पोराला माहीत असतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळं लावून कृष्णवर्णीयांची टिंगल करायचे, त्या खेळांना गर्दी लोटायची आणि त्यावर मोठा धंदा चालायचा, हे मला न्यू जर्सीत राहायला आल्यावर कळलं. त्या दिवशी ती दुपार आठवली आणि माझं मलाच वाईट वाटलं. आपण कशावर हसलो हे कळायला मला वीस वर्षं लागली. पण कळलं, कारण ते दृश्य बघितलेलं होतं.

मार्च २०२१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचं जुनं भांडार अमेरिकेत पीकॉक या ॲपवर गेलं. जवळपास १७,००० तासांचं चित्रण. आपल्या नियमांत काय बसतं हे पीकॉकने तपासायला घेतलं, आणि सुरुवातीलाच जे उडालं त्यात ही लढत होती. पायपरची आधीची मुलाखतसुद्धा गेली. २००५ च्या सर्व्हायव्हर सिरीज या कार्यक्रमातला एक प्रसंगही गेला. त्यात कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमहन जॉन सीना या पैलवानाशी बोलताना कृष्णवर्णीयांसाठीची सगळ्यात घाणेरडी शिवी गंमत म्हणून वापरतो आणि ऐटीत निघून जातो. बाजूला बुकर टी उभा असतो, स्वतः कृष्णवर्णीय, मोठा विजेता. हा खरंच असं बोलला का, असा चेहरा करून त्याने हशा मिळवायचा, एवढंच त्याच्या वाट्याला आलेलं काम.

माझे काही मित्र म्हणतात, बरं झालं, घाण गेली. त्यांची भावना मला कळते. एखादं कृष्णवर्णीय लेकरू आजोबांच्या आवडीची कुस्ती बघायला बसलं आणि हे अचानक समोर आलं तर त्याला काय वाटेल, हा प्रश्न खरा आहे. पण कात्री लावून वाचलं कोण? अपमान झाला तो झालाच. वाचली ती कंपनीची अब्रू. शिवी देणारा मालक होता, रंगवलेल्या पायपरला रिंगमध्ये सोडणारीही तीच कंपनी. आज नव्याने बघायला बसलेल्या माणसाला मध्ये असं काही होतं याचा पत्ताच लागत नाही.

आणि ही दोन-चार मिनिटांची चूक नव्हती. मिसिसिपीच्या एका कृष्णवर्णीय पैलवानाला कमाला नाव देऊन, तोंडावर रंगाचे पट्टे ओढून 'युगांडाचा' म्हणून वर्षानुवर्षं नाचवलं गेलं. २००३ च्या रेसलमेनियाआधी ट्रिपल एच हा गोरा पैलवान बुकर टीला तोंडावर सांगत होता की तुझ्यासारखी माणसं जगज्जेती होत नसतात. अशा गोष्टीत शेवटी बुकर टी जिंकेल असं कुणालाही वाटेल. जिंकला ट्रिपल एच. हे कुठून कुठून कापणार?

यात सर्वात मोठा अन्याय ज्याच्यावर झाला त्याचं नाव कुणी घेत नाही. बॅड न्यूज ब्राऊन म्हणजे ॲलन कोएज. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ज्युदोचं कांस्यपदक मिळवलेला माणूस. टिंगल त्याच्या वर्णाची झाली, आणि लाज झाकायची वेळ आली तेव्हा त्याचीच लढत पुसली गेली. २००७ मध्ये तो वारला. तक्रार करायलाही तो नाही.

दुसरा रस्ता याच कंपनीला माहीत होता, हे मला जास्त टोचतं. क्रिस बेन्वा या पैलवानाने जून २००७ मध्ये बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला मारून स्वतः जीव दिला. त्याच्याइतकं नकोसं नाव या खेळात दुसरं नसेल. तरीही २०१४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई नेटवर्क ही कंपनीची स्वतःची इंटरनेट सेवा सुरू झाली तेव्हा त्याच्या लढती त्यावर होत्या. आधी पाटी यायची की कार्यक्रम मूळ रूपात दाखवत आहोत, यातलं काही आमच्या आजच्या विचारांशी जुळणार नाही. बघायचं की नाही हे बघणाऱ्यावर सोडलं होतं.

हक्क नसल्यामुळे गाणी काढली जातात ती गोष्ट वेगळी, तिथे पैशाचा प्रश्न असतो. पण नुकसान तिथेही होतं. ईसीडब्ल्यू या दुसऱ्या कुस्ती कंपनीत सँडमॅन नावाचा पैलवान सिगारेट ओढत, कपाळावर बिअरचे कॅन आपटत गर्दीतून यायचा. मेटॅलिकाचं गाणं वाजायचं आणि अख्खं सभागृह त्याच्यासोबत गायचं. नेटवर्कवर त्या जागी भलतंच संगीत होतं. गाणं काढताना लोकांचं गाणंही गेलं. ओठ हलताना दिसायचे, कानावर पडायचं दुसरंच काहीतरी.

डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईनेच विकत घेतली, ईसीडब्ल्यूच्या टेपा २००३ मध्ये. म्हणजे अमेरिकी कुस्तीच्या मोठ्या भागाच्या मूळ टेपा आज एकाच घरात आहेत, आणि त्या घरातून जे बाहेर येईल तेच पुढची पिढी खरं मानणार. आमच्या गल्लीतली लायब्ररी कधीच बंद झाली.

माझी मागणी साधी आहे. ती लढत परत ठेवा. आधी काळ्या पडद्यावर दोन ओळी लिहा: १९९० साली आम्ही हे दाखवलं, ते तेव्हाही चूक होतं. ज्याला नको असेल तो पुढे सरकवेल. खाली ॲलन कोएजचं पदक आणि साल लिहा, आणि मग त्याला रिंगपर्यंत चालत येऊ द्या.