डॉन नको, गाव बघा

‘बोर्डवॉक एम्पायर’ ही मालिका चालू केली होती, पण माणसंच एवढी की कोण कुणाचा कोण ते कळेना, म्हणून सोडून दिली. हे मला इतक्या जणांनी सांगितलंय की आता त्यावर लिहायलाच हवं असं वाटतंय. स्टाफरूममध्ये ऐकलं, शेजारी ऐकलं, माहेरच्या ग्रुपवरही ऐकलं. ज्यांनी पूर्ण बघितली त्यांच्यातलेही बरेच जण फक्त तिचा नायक नकी आणि शिकागोचा कुप्रसिद्ध गुंड अल कपोन यांच्याबद्दल बोलतात. मला मनापासून वाईट वाटतं. ही जी माणसांची गर्दी आहे, तीच तर या मालिकेची खरी कमाई आहे. मी शेवटासकट सगळं सांगणार आहे, तेव्हा ज्यांना अजून बघायची आहे त्यांनी इथंच थांबा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१० ते २०१४ या काळात एचबीओ या अमेरिकन वाहिनीवर आलेली मालिका, पाच सीझन, ५६ भाग. टेरेन्स विंटरनं उभी केली, पहिल्या भागाचं दिग्दर्शन मार्टिन स्कॉर्सेसीचं. अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू झाली, ती ५ डिसेंबर १९३३ ला उठली. गोष्ट सुरू होते ती बंदीच्या तोंडावर, न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटी नावाच्या समुद्रकाठच्या गावात. स्टीव्ह बुसेमीनं केलेला नकी थॉम्पसन हा तिथल्या काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, खजिनदार. पद तेवढंच, पण निवडणूक, कंत्राटं, हप्ते, सगळं त्याच्या शब्दावर. सख्खा भाऊ शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावात राहिलेल्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही.

पहिल्याच भागात नकी दारूबंदीवाल्या बायकांच्या सभेत भाषण करतो. बाप दारुडा होता, घरात खायला नव्हतं, पोरानं उंदीर मारून भावंडं जगवली, असं काहीतरी रचून सांगतो. बायका डोळे पुसतात. तिथून निघून तो थेट गावच्या पुढाऱ्यांच्या जेवणावळीत जातो आणि बंदीच्या नावानं पेला उंचावतो, कारण उद्यापासून भाव चढणार असतात. हा प्रसंग मी बघितला तेव्हा आमच्याकडची ‘आडवी बाटली’ आठवली. ज्यांनी ते मतदान जवळून बघितलंय त्यांना माहीत आहे. शाळेत मतदान, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली, निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की गावातलं दारूचं दुकान बंद. माझी मावशी अशा मतदानाला घरच्यांचा विरोध पत्करून गेली होती. तिच्यासारख्या बायकांना कुणी अडाणी म्हटलं की मला राग येतो. त्यांनी मार खाल्लेला असतो. या मालिकेनं त्या सभेतल्या बायकांची टिंगल केलेली नाही, ही मला तिची सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

कारण त्या सभेतच मार्गारेट बसलेली असते. आयर्लंडहून आलेली, नवरा दारू पिऊन मारणारा, पोटात मूल. तो मार इतका वाढतो की पोटातलं मूल जातं. नकी त्या नवऱ्याचा काटा काढतो आणि पुढं हीच बाई त्याच्या घरात येते. केली मॅक्डोनाल्डनं हे काम इतकं शांतपणे केलंय की पहिल्या सीझनमध्ये ती नजरेतून निसटते. ती मात्र सगळं बघत असते, कागद वाचत असते, पैसा कुठून येतो हे तिला कळलेलं असतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी नकीनं तिच्या नावावर केलेली, होऊ घातलेल्या रस्त्यालगतची मोलाची जमीन ती सही करून चर्चला देऊन टाकते. गोळी नाही, आरडाओरडा नाही. नकीचं एवढं मोठं नुकसान त्या वेळेपर्यंत कुठल्याही टोळीनं केलेलं नसतं. ज्यांना ही मालिका फक्त मारामारीची वाटते त्यांनी ही एक सही पुन्हा बघावी.

कायदा कसा होता तेही मालिकेत नीट कळतं. दारू पिणं हा गुन्हा नव्हताच, बनवणं, विकणं आणि वाहून नेणं हा गुन्हा होता. चर्चच्या विधीसाठी वाइन चालायची. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की मिळायची. सिनसिनाटीचा जॉर्ज रिमस हा खराखुरा वकील याच फटीतून शिरला, औषधांच्या धंद्याआडून व्हिस्कीचा व्यापार करून गब्बर झाला, आणि तो इथं पात्र म्हणून येतो. आपल्याकडं १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजूनही जिवंत आहे. कागदोपत्री दारू प्यायला आजही परवाना लागतो आणि त्या परवान्यावर कारण असतं प्रकृतीस्वास्थ्याचं! शंभर वर्षांपूर्वीची परक्या देशातली गोष्ट म्हणून जे बघतोय ते आपल्याच पायाखाली आहे, हे लक्षात आलं की मालिका वेगळीच दिसायला लागते.

आता रिचर्ड हॅरो. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर ही पोस्ट.

पहिल्या महायुद्धातून परत आलेला नेमबाज. अर्धा चेहरा गेलेला, त्या जागी रंगवलेला पत्र्याचा मुखवटा, त्यावरच चष्मा. हे काही लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. अ‍ॅना कोलमन लॅड या शिल्पकार बाईंनी पॅरिसमध्ये अशा जखमी सैनिकांसाठी तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे करून दिले होते, प्रत्येकाच्या जुन्या फोटोवरून. जॅक ह्यूस्टननं रिचर्डला जो आवाज दिलाय तो एकदा ऐकला की विसरत नाही. घशात काहीतरी अडकल्यासारखा. प्रत्येक वाक्याआधी तो आवंढा गिळतो.

माझे सासरे, आप्पा, पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना इंग्रजी सबटायटल झेपत नाहीत, पण ते रोज रात्री आमच्याबरोबर बसायचे आणि माणसं आमच्यापेक्षा पक्की ओळखायचे. चालीवरून, टोपीवरून, कोण कुणापुढं उठून उभा राहतो त्यावरून. रिचर्ड पहिल्यांदा दिसला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “ह्यो बोलायच्या आधी थांबतोय बघ. त्याला त्याचा आवाज लोकांना ऐकवू वाटत न्हाई.” मी त्यांना त्याची वही दाखवली. रिचर्ड मासिकांतली चित्रं कापून वहीत चिकटवतो. आई, बाप, मुलं, जेवणाचं टेबल. त्याला स्वतःला यातलं काही मिळणार नाही अशी त्याची खात्री असते. दुसऱ्या सीझनमध्ये तो एकटाच रानात जातो, झाडाखाली बसतो, मुखवटा काढून बाजूला ठेवतो आणि बंदुकीची नळी तोंडात धरतो. तेवढ्यात कुठूनसा एक कुत्रा येतो आणि मुखवटा तोंडात धरून पळतो. रिचर्ड त्याच्यामागं धावतो. मरायला निघालेला माणूस मुखवट्यासाठी धावतो! आप्पांनी तो प्रसंग मागं घ्यायला लावला आणि परत बघितला.

मग त्यांनी त्यांच्या आजोबांचं सांगितलं. आजोबा बसऱ्याला गेले होते. पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकातल्या, लढाईला आमच्याकडच्या जुन्या माणसांत बसराच म्हणतात. धडधाकट परत आले, पण त्यानंतर गावात झोपले नाहीत. कायम मळ्यातल्या छपरात. जत्रेला नाहीत, लग्नाला नाहीत. घरातल्यांनी त्यांना तऱ्हेवाईक ठरवून टाकलं. एवढी वर्षं आप्पांनी हे कधी सांगितलं नव्हतं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला सगळे अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं कामी आली. गेलेल्यांचं स्मारक आहे, ते असायलाच हवं. पण परत आलेल्यांचं काय झालं, ते घरात कसे बसले, कुणाशी बोलले, हे आपण कधी विचारलं? अमेरिकेतल्या एका गुंडांच्या मालिकेनं दुय्यम पात्राला चार सीझन देऊन ते विचारलं. त्यासाठी मी या मालिकेची कायमची ऋणी आहे.

चॉकी व्हाइटचंही तसंच. गावातल्या काळ्या वस्तीचा पुढारी, मायकल के. विल्यम्सनं केलेला. हा गुणी नट २०२१ मध्ये गेला. पहिल्याच सीझनमध्ये कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर अत्याचार करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचा एक म्होरक्या त्याच्यासमोर बांधून बसवलेला असतो. चॉकी लगेच हात उचलत नाही. बापाची गोष्ट सांगतो. बाप सुतार, हात असा की गोऱ्या मालकाच्या घरचं लाकूडकाम त्याच्याकडं आलं, आणि त्याच बापाला गोऱ्यांनी दोराला लटकवलं. सांगता सांगता तो कापडाची गुंडाळी उलगडतो. आत बापाची हत्यारं. तेवढ्या काही मिनिटांत एका जमातीचा सगळा इतिहास खोलीत येऊन बसतो. नकीचा तिथं मागमूस नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही.

व्हॅन ऑल्डनवर मी जास्त लिहीत नाही. दारूबंदी खात्याचा देवभोळा, कडक अधिकारी, हातून खून होतो, नाव बदलून शिकागोजवळ पळतो आणि दारोदार विजेच्या इस्त्र्या विकतो. शेवटी कपोनच्याच पदरी. मायकल शॅनन बघा, बस्स.

माणसं लक्षात ठेवायला मला एका गोष्टीचा फार उपयोग झाला. यात कपोन, लुचियानो, रॉथस्टीन, टोरिओ, लॅन्स्की हे इतिहासातले गुंड खऱ्या नावानं येतात. त्यांचं मरण ठरलेलं आहे. कपोन १९४७ पर्यंत जगणार, लॅन्स्की १९८३ पर्यंत, त्यांच्यावर कितीही बंदुका रोखल्या तरी. जीव टांगणीला लागतो तो ज्यांची नावं इतिहासात नाहीत त्यांच्यासाठी. खरा नकी होता इनॉक जॉन्सन. त्याला १९४१ मध्ये कर बुडवल्याबद्दल शिक्षा झाली आणि तो १९६८ मध्ये म्हातारा होऊन मेला. मालिकेनं त्याचं आडनाव बदलून थॉम्पसन केलं, तिथंच तो जगेल याचा भरवसा संपला. हे ध्यानात ठेवून बघितलं की प्रत्येक लहान पात्राकडं आपोआप लक्ष जातं.

आणि हे मी मुद्दाम आमच्या मुलांसाठी लिहितेय. साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, तलवारीनं केक कापायचा, पाठीमागं कुठल्यातरी गुंडाचं संगीत लावून रील टाकायचं, चौकात फ्लेक्स लावायचा, हे चाललंय. त्या रीलमध्ये सूट घालून सिगारेट ओढत चालणारा एकटा डॉन असतो. शेरीफ झालेला त्याचा भाऊ नसतो, त्याच्यामुळं विधवा झालेली बाई नसते, त्याची दारू उतरवून घेणारे हमाल नसतात. माझ्या वर्गातली मुलं हीच रील्स बघतात. त्यांना मी म्हणते, सगळी मालिका बघण्याएवढे मोठे झालात की सगळी बघा, आणि मग डॉनच्या शेजारी उभ्या असलेल्या पोराचं काय झालं ते मला सांगा.

पाचव्या सीझनवर माझा राग आहे, तोही सांगते. चार सीझन बारा-बारा भागांचे आणि शेवटचा आठच. चौथा १९२४ मध्ये संपतो आणि पाचवा थेट १९३१ मध्ये उघडतो. रॉथस्टीनला नोव्हेंबर १९२८ मध्ये गोळी लागली, ते मालिकेत आलंच नाही. शिकागोतल्या टोळ्यांच्या वैरातलं १४ फेब्रुवारी १९२९ चं हत्याकांडही आलं नाही. सगळ्यात जिव्हारी लागणारं म्हणजे मे १९२९ मध्ये देशभरातल्या टोळ्यांचे म्होरके खुद्द अटलांटिक सिटीत जमले होते, ते सुद्धा गाळलं! ज्या गावाची गोष्ट, त्या गावातली सर्वांत मोठी बैठक गाळायची म्हणजे काय? मायकल स्टुलबार्गनं उभा केलेला तो थंड, दूध पिणारा रॉथस्टीन पडद्यावर मरायला हवा होता. प्रेक्षकांनी चार सीझन ज्याला धरून ठेवलं त्याचा शेवट नुसत्या उल्लेखात उरकणं हा अन्याय आहे.

तरीही शेवटच्या भागानं माझं म्हणणं खरं केलं. नकीला गोळी घालतो तो कुणी कपोन नाही, लुचियानो नाही. त्याच्याकडं काम मागायला आलेला एक पोरगेला मुलगा. आमचा मुलगा तोवर अधूनमधून येऊन बसायचा, त्यानं विचारलं, “हा कोण? याला का मारायचंय?” आप्पांनी मान न वळवता सांगितलं, “जिमीचा टॉमी. रिचर्डनं अंगाखांद्यावर खेळवलेला.” नकीनं तेरा वर्षांच्या गिलियनला एका म्हाताऱ्याच्या हवाली केलं, तिला झालेल्या आणि आपल्याच हाताखाली वाढलेल्या जिमीला पुढं स्वतःच्या हातानं मारलं, आणि त्या जिमीचा मुलगा हा. हे पोर पहिल्या सीझनपासून घरात मागं कुठंतरी खेळत असतं, आणि ते कुणाच्या लक्षात राहत नाही. ज्यांनी लक्षात ठेवलं, त्यांना त्या गोळीमागच्या तिन्ही पिढ्या दिसल्या.