नाकावर भरवसा आणि सर्वांत स्वस्त मीटर

‘अमोनियाचा वास दहा हातांवरून येतो, मग वायू मोजणारा मीटर हवाच कशाला?’ दक्षिण गोव्यातल्या, अमोनियाच्या थंडाव्यावर मासळी गोठवणाऱ्या एका कारखान्याच्या बैठकीत हे वाक्य बोललं गेलं. माझा आतेभाऊ तिथे देखभाल बघतो, त्याने फोनवर सांगितलं. बऱ्याच वादावादीनंतर साहेब मीटर घ्यायला राजी झाले आणि आलेल्या कोटेशनांतलं सर्वांत कमी आकड्याचं निवडलं. ते यंत्र ज्वालाग्राही वायूचं आहे, एलईएलचे टक्के दाखवणारं. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

एलईएल म्हणजे हवेत वायूचं प्रमाण किती झालं की ठिणगीने पेट घेईल, ती खालची मर्यादा. मिथेनची सुमारे ५ टक्के, अमोनियाची सुमारे १५ टक्के, म्हणजे दीड लाख पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). आणि अमोनियात माणसाच्या जिवाला तातडीचा धोका मानतात तो ३०० पीपीएमला. हिशोब करून बघा: ३०० पीपीएम म्हणजे एलईएलच्या फक्त ०.२ टक्के. पूर्ण टक्के दाखवणाऱ्या मीटरवर पहिला ‘१’ उमटेल तेव्हा हवेत १,५०० पीपीएम झालेले असतील. तोवर पडद्यावर शून्य, आणि ते शून्य बघून कुणीतरी कॉम्प्रेसरच्या खोलीत शिरलेला. यापेक्षा मीटर नसलेला बरा, निदान माणूस जपून तरी जातो.

नाकाचं म्हणाल तर मी ते कमी लेखत नाही. आमच्याकडचे जुने फिटर गंधकाची बत्ती पेटवून फ्लँजभोवती, म्हणजे पाइपांच्या सांध्यांभोवती, फिरवायचे; अमोनिया असला की दाट पांढरा धूर धरतो. ओला लाल लिटमस निळा होतो. व्हॉल्व्हच्या कुठल्या ग्लँडमधून (दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून) गळतंय ते या युक्त्या आजही दाखवतात. पण हवेत किती आहे, आत माणूस सोडावा की नाही, हे त्या सांगत नाहीत. नाकही नाही, कारण ते थोड्या वेळात सरावतं. साबणाचं पाणी उणे तापमानाच्या पाइपवर गोठूनच जातं.

इकडे अबू धाबीतल्या रुवैसला, मी काम करतो त्या प्लांटमध्ये, नाकाचं नाव कुणी काढत नाही. हायड्रोजन सल्फाइडचा कुजका वास सुरुवातीला येतो, १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वायू गेला. म्हणून शिफ्टच्या आधी प्रत्येकाचा मीटर डॉकिंग स्टेशनवर बंप टेस्टला लागतो: ठरलेल्या प्रमाणाचा वायू सोडायचा, सेन्सर हलतो का आणि अलार्म वाजतो का बघायचं. हिरवा दिवा नाही तर कामाच्या परवान्यावर सही नाही. उन्हाळ्यातल्या दुपारच्या सक्तीच्या सुट्टीनंतर (मिड-डे ब्रेक) परत लाइनवर जातानाही मीटर कॉलरलाच हवा, नाकातोंडाजवळ. खिशात ठेवलेला दिसला तर फोरमन तिथल्या तिथे परत पाठवतो, आणि कुणी हुज्जत घालत नाही.

मीटर निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नसतोच. पाइपात काय आहे, आणि मला माणूस वाचवायचाय की गळतीची जागा शोधायचीय? ही दोन वेगळी कामं. ज्वालाग्राही वायूच्या मीटरातला जुना मणी, पेलिस्टर, सिलिकॉन स्प्रेच्या वाफेने मरतो आणि मेल्यावरही शून्यच दाखवतो. वायू फार दाट झाला तर त्याचा आकडा चढून परत उतरतो. इन्फ्रारेड मीटरला हायड्रोजन दिसत नाही. अतिनील दिव्याने वाफा टिपणारा पीआयडी, त्यात नेहमीचा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा दिवा असला तर, मिथेनला आंधळा. लेझरवाला मिथेन लांबून टिपतो, पण फक्त मिथेन. गळतीचा आवाज टिपणाऱ्या अल्ट्रासॉनिकला वायू कुठलाही चालतो, फक्त पाइपात दाब हवा. एलपीजी जड म्हणून खड्ड्यात, गटारात साचतो, तिथे प्रोब खाली न्यावा लागतो. नैसर्गिक वायू छताकडे चढतो. स्फोटक क्षेत्रात जाणारं यंत्र असेल तर नागपूरच्या ‘पेसो’ची (स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) मान्यता आधी बघायची, मग पुढचं बोलायचं.

अमोनियाला इलेक्ट्रोकेमिकल सेल, म्हणजे वायूशी रासायनिक क्रिया होऊन वीज देणारा सेन्सर. तो दोन-तीन वर्षांत संपतो, सतत वायूत राहिला तर लवकर. आणि आपल्याकडची खरी अडचण कॅटलॉगमध्ये नसते: उणे २० च्या खोलीतून जुलैच्या दमट अंगणात आलात की थंड मीटरवर दव धरतं, फिल्टर ओला होतो आणि आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. पाइपवर इन्सुलेशन असेल तर वायू गळतो एकीकडे, बाहेर पडतो चार हात पुढे. हे लाइनवर चालणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून खरेदीच्या बैठकीत तो बसलेला हवा. आतेभावाला तिथे नुसतं ऐकायला बोलावलं होतं.

जानेवारी २०१८ मध्ये गोव्यात वास्कोजवळच्या चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला आणि लोकांना भल्या पहाटे घरं सोडावी लागली. असं काही झालं की आमच्याकडे दोनच सूर निघतात: कारखाने बंद करा, नाहीतर पोरांच्या नोकऱ्यांचं काय. पाइपाजवळ उभ्या माणसाच्या कॉलरला काय अडकवलंय, हे दोन्ही बाजूंना विचारावंसं वाटत नाही. मला याचाच राग येतो.

घरच्या ग्रुपवर हे लिहिलं तर मावसभावाचं उत्तर आलं: ‘तेलाच्या पैशावर बसून सल्ले देणं सोपं असतं.’ झोंबलं. सेल काही सोन्याचा नसतो, आणि बंप टेस्टला मिनिटभर लागतं. पण त्याच्या म्हणण्यातला एक भाग मला टाळता येत नाही. इथली शिस्त माझी नाही. तो मीटर माझ्या नावावर आहे तो व्हिसा आहे तोवर. नोकरी संपली की डॉकिंग स्टेशनमधला माझा खण दुसऱ्याचा. या देशात काही चुकलं तर मी रिपोर्ट लिहितो आणि झोपतो. त्या कारखान्यातलं शून्य मात्र मला रात्री जागं ठेवतं, कारण तिथे भाऊ आहे, शेजारच्या वाड्यावरच्या बायका कोळंबी सोलायला जातात, आणि म्हातारपणी मी राहणार आहे तेही तिथेच.

चवथीला येतोय, तेव्हा लाइनवर एक फेरी मारतो, असं भावाकडून विचारून पाहिलं. मॅनेजर म्हणाले, बाहेरच्या माणसाला प्लांटमध्ये सोडता येत नाही. त्यांचं बरोबर आहे, रुवैसलाही सोडलं नसतं. पण ‘बाहेरचा’ हा शब्द मला लागला. मग भावासाठी एक पान लिहून दिलं: अमोनियाचा सेल असलेले वैयक्तिक मीटर, अलार्म २५ पीपीएमला, गळती शोधायला १,००० पीपीएमपर्यंतचा, पंप आणि पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप असलेला वेगळा, कॅलिब्रेशनचा (मीटर तपासून जुळवायच्या वायूचा) सिलिंडर आणि सुटे सेल त्याच ऑर्डरमध्ये. ऑर्डर अजून गेलेली नाही. सोमवारी तो ते पान बैठकीत ठेवणार आहे.