तंबोऱ्याला अर्थिंग

गेल्या रविवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निवेदन झळकले. ‘तिसऱ्या मजल्यावरून सकाळपासून येणारा घूंऽऽ असा आवाज शोधून काढून कायमचा बंद करण्यात आला आहे. सभासदांनी निर्धास्त असावे.’ त्याखाली अकरा जणांनी हात जोडले, चौघांनी अंगठा दाखवला आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी ‘थँक्यू काका, दिवसभर डोकं ठणकत होतं’ असे लिहिले. तिसऱ्या मजल्यावर मी राहतो आणि त्या घूंऽऽला आमच्याकडे तंबोरा म्हणतात. निदान रविवारी संध्याकाळपर्यंत तरी माझी तशी समजूत होती.

बेत अगदी साधा होता. बायको दिवसभरासाठी डोंबिवलीला माहेरी जाणार होती आणि आकाशवाणीची ‘रागम्’ ही वाहिनी पहाटेपासून रात्रीपर्यंत सलग ऐकायची, असे मी ठरवले होते. ही वाहिनी २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत ऐकवते आहे, ती मोबाइलवर फुकट मिळते, आणि तरीही इतक्या वर्षांत मी ती कधी सलग अर्धा तास ऐकली नव्हती. माझे वडील शनिवारी रात्री दिल्लीहून येणारा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम ऐकायला बसत, तेव्हा घरात भांडे आपटायची कोणाची छाती नव्हती. त्या काळी रेडिओसाठी पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे आणि ‘पैसे मोजलेत मी’ एवढ्या एका वाक्यावर ते पाचपाखाडीतल्या दोन खोल्यांत शांतता राखत. फुकट मिळालेल्या संगीतासाठी कोणाला गप्प करण्याचा अधिकार उरत नाही, हे मला रविवारी उमगले.

वडिलांचाच जुना अँप्लिफायर आणि लाकडी खोक्यांतले दोन स्पीकर माळ्यावरून काढले, पुसले आणि मोबाइल एका वायरने त्यांना जोडला. मोबाइलची बॅटरी म्हातारी झाली असल्यामुळे चार्जर कायम लावून ठेवला. पहाटे सहाला भैरव राग सुरू झाला आणि त्याच्या मागे असा काही भरघोस, घुमणारा तंबोरा उमटला, की मी पलंगावरून उठून जमिनीवर मांडी घातली. आयुष्यात इतकी सुंदर जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांचा झंकार, मी ऐकली नव्हती. निघायच्या घाईत असलेल्या बायकोला हाताला धरून मी ती ऐकवली आणि तिच्या टॅबवर चाळीस सेकंद रेकॉर्डही करून दिली. हा तपशील मी नंतर विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला.

सकाळ बरी गेली. अडथळे आले ते वैयक्तिक कर्ज देऊ पाहणाऱ्यांचे. फोन आला की ॲप आपोआप थांबते आणि फोन नेमका गायकाने मुखडा उचलल्यावर, समेच्या (तालाच्या पहिल्या ठोक्याच्या) दोन मात्रा आधी येतो. ‘सर, आपल्याला कर्ज मंजूर झाले आहे’ हे वाक्य मी रविवारी सात वेळा समेवर ऐकले. ‘रागम्’वर हिंदुस्तानी आणि कर्नाटक असे दोन्ही संगीत असते आणि दक्षिणेकडे रागाच्या वेळेचे आपल्यासारखे सोवळे नसते, त्यामुळे सकाळी अकराच्या उन्हात हिंदोलम् सुरू झाला. हिंदोलम् म्हणजे स्वरांच्या हिशेबाने आपला मालकंस. मालकंस कानावर पडला की मध्यरात्र झाली, ही सवय अंगात इतकी मुरली आहे की मी जांभई दिली आणि कुकर लावायचा राहून गेला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास दाराची बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरचे काका होते. वय ७६, वीज खात्यातून निवृत्त, आणि इतर माणसे शर्टाच्या खिशाला पेन लावतात तिथे यांच्या टेस्टर. माझ्या घराच्या बरोबर खाली ते राहतात.

“सकाळपासून घूं घूं चाललंय. आमच्या बेडरूमच्या भिंतीतून येतंय. तुमचं अर्थिंग गेलंय,” असे म्हणत ते आत शिरले आणि मी काही बोलण्याच्या आत त्यांनी फ्रिजच्या दाराला कान लावला. मग पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राला लावला. मग डोळे मिटून, एक हात कमरेवर ठेवून, बंद टीव्हीच्या मागे बराच वेळ उभे राहिले. गाणे इतक्या एकाग्रतेने ऐकणारा श्रोता मला अजून भेटलेला नाही, फक्त ते गाणे ऐकत नव्हते. शेवटी स्पीकरपाशी आले आणि एखाद्या डॉक्टरने रोग सापडल्यावर मान हलवावी तशी त्यांनी मान हलवली.

“काका, तो तंबोरा आहे,” मी म्हणालो.

“कोणाचा?”

“कोणाचा नाही. गायकाच्या मागे वाजत असतो.”

“म्हणजे हा माणूस थांबला तरी ते चालूच?”

“चालूच राहतं.”

“मग बंद करायला विसरले असतील.”

इथे मी गप्प बसलो असतो तर पुढचे सगळे टळले असते. परंतु अर्धवट जाणकाराला समजावून सांगण्याची खाज फार असते. मी काकांना बसवले, पाणी दिले आणि तंबोरा समजावायला घेतला. चार तारा असतात, असे सांगितले. पहिली बहुधा पंचमाची म्हणजे ‘प’ची, मधल्या दोन षड्जाच्या म्हणजे ‘सा’च्या जोडीच्या, शेवटची खालच्या ‘सा’ची, खर्जाची. काकांनी बोटांवर मोजले. “म्हणजे फेज एक आणि न्यूट्रल तीन,” ते म्हणाले. मी जवारीकडे वळलो. तारा ज्या पट्टीवरून जातात त्या घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवतात, मग तार घोडीला अगदी हलकीशी घासत राहते आणि एका स्वरातून वरचे अनेक स्वर झंकारत बाहेर पडतात, असे मी हातवारे करून सांगितले.

“म्हणजे लूज कॉन्टॅक्ट.”

“तसंच काहीसं, पण मुद्दाम केलेला.”

“मुद्दाम?” मीटरमध्ये फेरफार करणाऱ्या ग्राहकाकडे त्यांनी नोकरीभर ज्या नजरेने पाहिले असेल, त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले.

वातावरण निवळावे म्हणून मी आकाशवाणीची थोरवी सांगू लागलो. तिथे नुसता तंबोरा वाजवण्यासाठीसुद्धा पगारी माणसे असत, हे ऐकताच काका प्रथमच सरसावून बसले. “सरकारी? मग पेन्शन असणार,” असे म्हणून त्यांनी स्पीकरकडे थोड्या आदराने पाहिले. तो धागा पकडून मी पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, गोष्ट काढली. पेटीचे ठरीव स्वर आपल्या संगीताला मानवत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती थेट १९७१ साली उठवायला सुरुवात केली. पेटीच्या साथीवर वाढलेल्या महाराष्ट्राला ही गोष्ट अजून बोचते आणि मी ती जरा दुखावलेल्या सुरात सांगितली. काका प्रसन्न झाले. “एकतीस वर्षं कनेक्शन कापलं! थकबाकी किती होती?” त्यांनी विचारले.

तोवर पूरिया धनाश्री सुरू झाला होता. दिवेलागणीचा राग, विलंबित म्हणजे संथ लयीतला एकताल, आणि खिडकीबाहेर खरोखरच दिवे लागत होते. मी दिवसभर ज्या घटकेची वाट पाहिली ती हीच, आणि ती मी फेज आणि न्यूट्रल यांच्या संगतीत घालवत होतो. खरे सांगायचे तर इथे माझी गंमत संपली. शेजारच्या भूखंडावर जुनी इमारत पाडून नवी उभी राहते आहे, तिथे चार महिने सकाळी आठपासून ब्रेकर चालतो. चौथ्या मजल्यावर फरशा कापायचे यंत्र गणपतीनंतर सुरू झाले ते अजून थांबलेले नाही. नवरात्रात खिडक्यांच्या काचा थरथरतात. यांपैकी एकाही आवाजासाठी कोणी टेस्टर घेऊन कोणाच्या घरात शिरलेले नाही, ग्रुपवर एक ओळ लिहिलेली नाही आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचे डोके दुखलेले नाही. मोठा आवाज असला तर तो विकास असतो किंवा उत्सव असतो. बारीक आवाज मात्र बिघाड ठरतो आणि तो दुरुस्त करायला माणसे चहाच्या वेळी घरी येतात.

हे सगळे मी काकांना बोललो नाही. मी फक्त, “काका, यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही,” असे जरा घुश्शातच म्हणालो.

काका उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून उपटला.

घूंऽऽ थांबला.

गाणे थांबले नाही. तबल्याचा ठेका चालू होता, गायक निषादावर रेंगाळला होता आणि त्याच्या मागे, पुष्कळ लांब, पुष्कळ नाजूक, तंबोराही चालू होता. पहाटेपासून मी ज्याला जवारी म्हणत होतो ती स्वस्तातल्या चार्जरची गुणगुण होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झचा सूर त्या वायरीतून अँप्लिफायरमध्ये झिरपत होता. नंतर मी पेटीवर ताडून पाहिले तर गायकाचा षड्ज काळी एकचा, म्हणजे साधारण १३९ हर्ट्झचा निघाला. त्या हिशेबाने १०० हा आकडा तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधल्या फटीत येतो. पूरिया धनाश्रीत हे दोन्ही स्वर लागतात आणि चार्जर दोघांच्याही उरावर बसून पाऊण तास बेसूर कण्हत होता. सकाळपासून तो प्रत्येक रागाच्या, प्रत्येक गायकाच्या मागे एकाच सुरात वाजत होता आणि त्यावर मी दहा तास मान डोलावली होती.

“राहिलं ते तुमचं. गेलं ते आमचं,” काका म्हणाले आणि टेस्टर खिशात ठेवून पुन्हा बसले. नुसते बसले नाहीत, ऐकू लागले. विलंबित संपून द्रुत सुरू झाली तेव्हा त्यांची चप्पल ठेक्यावर हलत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मी मुकाट्याने बॅटरीचा आकडा पाहत होतो. नऊ टक्के, सहा, तीन. चार्जर लावावा तर घूं, न लावावा तर मरण. काकांच्या देखत तो पुन्हा लावण्याचे धैर्य मला झाले नाही. तबलजीने तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा, उचलली, दोन पल्ले झाले, तिसरा सुरू झाला आणि समेच्या अलीकडे मोबाइल काळा पडला.

काका थोडा वेळ थांबले, कान टवकारला, भिंतीला हात लावून पाहिला.

“आता पूर्णच गेला बघा,” ते समाधानाने म्हणाले आणि खाली उतरून गेले.

निवेदनाला उत्तर लिहायला मी दोनदा बसलो. ‘बंद झाला तो तंबोरा नव्हता’ एवढेच कळवायचे होते, पण त्यापुढे तो काय होता हे लिहावे लागले असते, आणि त्या ग्रुपवर बायकोही आहे. ती चाळीस सेकंदांची फीत तिच्या टॅबवर अजून आहे. डोंबिवलीला तिने ती माझ्या मेहुण्याला ऐकवली. तो गेली सहा वर्षे गाणे शिकतो आहे. त्याने डोळे मिटले, एक हात वर केला आणि जवारी फार छान लागली आहे, असे कौतुकाने सांगून पाठवले.